कागदावरची जुळी भावंडं

शाळेच्या दाखल्यावर विश्वास ठेवायचा, तर मी आणि माझी आक्का जुळी भावंडं आहोत. दोघांची जन्मतारीख एक जून, सालही तेच. प्रत्यक्षात ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे. आधार कार्ड, रेशन कार्ड, मतदार यादी, सगळीकडे तीच एक जून जाऊन बसली आहे. आता ती दुरुस्त करायची म्हटलं, तर इतकी कार्यालयं पालथी घालावी लागतील की त्यातच उरलेलं वय निघून जाईल.

हे झालं कसं, ते साधं आहे. आमचं गाव कर्जत तालुक्यातलं, मिरजगावपासून थोडं आत. आईवडील दोघंही मजुरीला जायचे. आक्का शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि दिवसभर तिच्या कडेवर असायचो. मला घेऊन ती शाळेच्या कुंपणाशी उभी राहायची आणि आतले पाढे ऐकायची. गुरुजी पट वाढवायला घरी आले की आई म्हणायची, "ती साळंत आली तर ह्याला कोन बघंल?" असं करता करता ती आठ वर्षांची झाली आणि मी पाचचा. शेवटी गुरुजींनीच तोडगा काढला, दोघांना एकदमच पाठवा. पहिलीला सहा वर्षं पूर्ण लागतात, म्हणून त्यांनी दोघांच्याही नावापुढे सहा वर्षं बसतील अशी तारीख टाकली. माझं एक वर्ष वाढलं, तिची दोन कमी झाली. आई खूश, गुरुजीही खूश.

पुढची दहा वर्षं आम्ही एकाच वर्गात बसलो. आक्का पहिली आणि मी शेवटून पहिला. आठ वर्षांच्या पोरीला एकदा सांगून जे कळतं, ते पाच वर्षांच्या पोराला चारदा सांगूनही कळत नाही, यात आज मला काही गूढ वाटत नाही. तेव्हा ते घरात, शाळेत, गावात कुणाच्या डोक्यातही आलं नाही. कागदावर आम्ही एका वयाचे होतो आणि सगळे कागदाप्रमाणेच आमच्याकडे बघायचे, अगदी जिने आम्हाला जन्म दिला तीसुद्धा. गुरुजी म्हणायचे, "एकाच घरातली दोन पोरं. ती एवढी हुशार आणि हा दगड." सव्वीस जानेवारीच्या शर्यतीत वर्गवार उभं करायचे. बाकीची पोरं पलीकडच्या रेषेवर पोचून चड्डीची धूळ झटकत असायची, तेव्हा मी निम्म्यात धापा टाकत असायचो. थंडीत मला खोकला लागायचा तो होळीपर्यंत जायचा नाही. आई म्हणायची, ह्याच्या अंगात जीवच नाही.

संध्याकाळी आक्का मला शिकवायला बसायची. चुलीवर भाकरी, समोर मी आणि माझं गणित. तिच्याकडे संयम अजिबात नव्हता. जे तिला लखलखीत दिसायचं ते मला दिसत नाही, यावर तिचा विश्वासच बसत नसे. "ध्यान कुटं हाय तुजं?" असं म्हणून ती डोक्यात टपली मारायची. मी रडायचो आणि आणखी चुकायचो. पाचवी-सहावीपर्यंत मी दगड आहे हे मनापासून मान्य करून टाकलं होतं. एकदा मान्य केलं की फार त्रास होत नाही, निदान कुणी काही अपेक्षा करत नाही.

दहावीत आक्काला फर्स्ट क्लास मिळाला. आमच्या वस्तीत तोवर कुणाला मिळाला नव्हता. विहारात तिचा सत्कार झाला, तिला एक पेन आणि गुलाबाचा हार दिला. त्याच उन्हाळ्यात मिरजगावचं स्थळ आलं. हायस्कूलचे मुख्याध्यापक वडिलांना म्हणाले, पोरगी अजून सोळाचीच आहे, तिला शिकू द्या. वडील म्हणाले, "सर, ती कागदावर सोळाची. खरी अठराची हाय. तिच्या बरूबरीच्या पोरींना लेकरं झाली." आयुष्यात त्या एकाच वेळी तिचं खरं वय कुणी तरी मोजलं, आणि ते लग्नासाठी मोजलं. ती लग्नात रडली नाही. गाडीत बसताना तिने मला एवढंच सांगितलं, की ऑक्टोबरला गणित सोडव.

मी गणितात आणि इंग्रजीत नापास झालो होतो. ऑक्टोबरमध्ये सुटलो. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, अकरावीत मला कळायला लागलं. सर शिकवायचे ते डोक्यात शिरून तिथे राहायला लागलं. उंची वाढली, खोकला गेला. मला वाटलं मी सुधारलो, कष्टाला फळ आलं वगैरे. पुढे कित्येक वर्षं मी लोकांना तसंच सांगत होतो. बी.ए. झालो, नगरच्या एका कॉलेजात क्लार्क लागलो, सावेडीत फ्लॅट घेतला. खरं म्हणजे फक्त माझ्या वयाने मला येऊन गाठलं होतं. हे मला उमगलं ते कॉलेजात प्रवेशअर्जांवरच्या जन्मतारखा तपासता तपासता, माझ्या चाळिशीत. ज्या दिवशी उमगलं त्या दिवशी मी जेवलो नाही. माझ्या दगडपणाचं वाईट वाटलं नाही, ते तर सुटलं होतं. ज्या दोन वर्षांसाठी आक्का कुंपणाबाहेर उभी होती, ती माझ्यामुळे गेली, आणि त्याच दोन वर्षांनी पुढे तिचं शिक्षण थांबवलं, याचं वाईट वाटलं.

आक्का मिरजगावात अंगणवाडीत मदतनीस आहे. पाणी भरायचं, खोली झाडायची, खिचडी शिजवायची, पोरांना घरून आणायचं आणि पोचवायचं. वीस वर्षं झाली. तिथल्या सेविकाबाई निवृत्त व्हायला आल्या तेव्हा सुपरवायझर मॅडम सहज बोलून गेल्या, बारावी असती तर तुमचाच विचार झाला असता. आक्काने त्याच दुपारी मला फोन केला. "आरं, बारावीचा फारम भरायचा हाय."

मला कधी नव्हे इतका आनंद झाला. मी खाजगी विद्यार्थ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, पुस्तकं आणली, जुन्या प्रश्नपत्रिका काढल्या. माझ्याच कॉलेजातल्या सरांकडून नोट्स मागून घेतल्या. आता परतफेड होणार, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. आक्का हुशार आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. अंगणवाडी सुटली की ती मिरजगावच्या विहारात जाऊन बसायची, तिथे दुपारी कुणी नसतं.

दिवाळीनंतर मी गेलो तेव्हा इतिहासाचं पुस्तक पहिल्याच धड्यावर होतं. मी चेष्टा केली, "काय आक्का, पहिल्या नंबरवालीचं हे असं?" ती हसली नाही. म्हणाली, "वाचलेलं राहत न्हाई रं. खाली आले की वरचं पुसतंय. आन् अक्षरं बी फिकी दिसत्यात."

मी अक्षरांचं तेवढं ऐकलं. वरचं पुसतंय, ते माझ्या कानावरून गेलं.

तिला शुगर आहे हे आम्हाला माहीत होतं. गोळ्या तिने मध्येच सोडल्या होत्या, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सावेडीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वय विचारलं. तिने सवयीने सांगितलं, सेहेचाळीस. मी गप्प बसलो. डॉक्टर म्हणाले, या वयाच्या मानाने पडदा फारच खराब झाला आहे, आतून बारीक रक्तस्राव आहे, आहे ती नजर टिकवता येईल, गेलेली परत येईल असं मी म्हणणार नाही. जिना उतरताना तिने कठडा धरला आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरली. गुडघेही गेलेत हे मला तेव्हा कळलं. आईसुद्धा पासष्टीपर्यंत असा जिना उतरत नव्हती.

मी हटून बसलो. लेखनिक घेऊ म्हणालो. डॉक्टरांचा दाखला, बोर्डाची परवानगी, यात मी मुरलेला आहे. माझ्या मनात होतं की तिच्यासाठी मीच लिहीन. पण लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो. हा नियम मी स्वतः कितीतरी पालकांना खिडकीतून ऐकवला आहे, आणि तो माझ्याच अंगावर आला. शेवटी ओळखीतून अकरावीतली एक मुलगी मिळाली. सालस होती, अक्षर सुंदर होतं.

केंद्र कर्जतला होतं, वर्ग पहिल्या मजल्यावर. पहिल्या दिवशी आक्का जिना चढत होती आणि पोरंपोरी दोन-दोन पायऱ्या ओलांडत तिच्या बाजूने वर जात होत्या. तिला परीक्षेवरची सुपरवायझर समजून दोघी-तिघींनी "गुड मॉर्निंग मॅडम" म्हटलं. तिनेही मान हलवून गुड मॉर्निंग म्हटलं. मला हसू आलं, पण तिच्या मागून चढताना तिचा श्वास ऐकला आणि ते गेलं.

इंग्रजी अवघड जाणार हे धरूनच चाललो होतो. मराठीचं विचारलं तर म्हणाली, पेपर बरा गेला. त्यानंतर इतिहास. हा तिचा विषय, शाळेत यात तिचा कुणी हात धरू शकत नव्हतं. मी बाहेर लिंबाखालच्या बाकावर बसलो होतो. अजून दीड तास होता आणि आक्का बाहेर आली. मला वाटलं चक्कर आली. धावत गेलो.

पुढचं काय झालं ते आधीच सांगून टाकतो. राहिलेले पेपर तिने दिले नाहीत. उन्हाळा संपल्यावर तिच्या अंगणवाडीत नवी सेविका आली, पंचविशीची आहे, आक्का तिला ताई म्हणते. मुलगी चांगली आहे, आक्काला जड उचलू देत नाही. पुन्हा फॉर्म भरायचा विषय मी दोनदा काढला, तिसऱ्यांदा काढायची हिंमत झाली नाही. पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं.

बाकावर बसवून तिला पाणी दिलं. मी विचारलं, "डोळ्याचा त्रास झाला का?"

"न्हाई."

"मग त्या पोरीनं नीट वाचलं न्हाई का? मी बोलतो आत जाऊन."

"तिला काय बोलू नगं. तीनतीनदा वाचलं बिचारीनं. येकेक शब्द सुटा करून."

"मग?"

"शब्द समदे कळत हुते," आक्का म्हणाली. "ते मिळून काय इचारत्यात, ते कळंना. मला ठावं हाय की हे मी वाचलंय. पर ते कुटं ठिवलंय ते घावंना. ती पोरगी पेन धरून माज्या तोंडाकडं बघत बसली. मग मलाच कसंतरी झालं."

मी म्हणालो की डोळ्यांचं टेन्शन असेल, शुगर वर-खाली झाली असेल, जागरण झालं असेल. मला तेव्हा कशावर तरी खापर फोडायचं होतं, आणि डोळे सगळ्यात सोयीचे होते.

"डोळ्याचं न्हाई रं हे," ती म्हणाली. "डोळं तर त्या पोरीचं हुतं."

आतून कुणीतरी पुरवणी मागितल्याचा आवाज आला. दहा वर्षं माझी आशा सोडून दिलेल्या घरात एकटी तीच माझ्यामागे लागलेली होती, आणि मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होतो. ती पुढे बघत बसली होती. मग एकदम माझ्याकडे वळली.

"तुला शाळंत कळायचं न्हाई, तवा असंच व्हायचं का?"

"व्हय," मी म्हणालो.

"समदी वर्षं?"

"धावीपतूर."



"मला वाटायचं, तू मुद्दाम करतूस," ती म्हणाली, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदा आक्का माझ्यासमोर रडली.