मामांचं 'थांबा'

साकोलीहून एकोडीकडे जाताना जी गावं लागतात, त्यातल्या एका गावात माझे थोरले मामा राहत. त्यांच्यासारखा छळवादी प्रेमळ माणूस साऱ्या भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. धान पाखडताना पोचट दाणा सुपाबाहेर उडवावा, तसे ते समोरच्याच्या बोलण्यातले पोचट मुद्दे उडवत. मग समोर जावई असो, हवालदार असो की साक्षात मामी! मांजर आडवी गेली म्हणून बस चुकली, असं एकदा शेजारी बिचारा सहज म्हणाला. मामा भर उन्हात फाट्यापर्यंत चालत गेले, पानठेल्यावर चौकशी करून आले आणि घामाघूम होऊन म्हणाले, "मांजर निघाली तवा बस कवाचीच गेली होती गा. मांजरीचा काय कसूर?" मामींनी एकदा डोळ्यांत पाणी आणून म्हटलं, "तुमचा भाऊ बायकोले लुगडं घेते. तुमी घेत नाही. म्हणजे तुमाले माही किंमतच नाही." मामा खूश! पाटावर बसल्या बसल्या त्यांनी तिच्या त्या बोलण्यातल्या चुका समजावून सांगितल्या. त्या दिवशी मामा जिंकले आणि उपाशी झोपले. लुगडं मात्र पुढच्या बाजाराला आलं, हेही सांगायला हवं.

पण मामा म्हटलं की मला आठवतो तो सत्तरच्या दशकातला उन्हाळा. गावात नुकतीच वीज आली होती आणि मी लग्नानंतर पहिल्यांदाच तिकडे राहायला गेले होते. माझी धाकटी मावशी, म्हणजे मामांची बहीण, नवऱ्याचं घर कायमचं सोडून माहेरी आली होती. भावावर भार नको म्हणून गावच्या टोकाला खोपडी बांधून ती वेगळी राहत होती. उन्हाळ्यात तलाव आटला की सारा गाव मिळून मासोळी धरी आणि दर चुलीमागे एक वाटा पडे. ज्याचा वाटा, त्याचं घर गावात धरलं जाई. मावशीला मासोळीचं काय अप्रूप! आपली चूल गावानं मोजावी, एवढंच तिला हवं होतं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पळसाच्या पानांवर वाटे पडले, आणि तिचा नव्हता.

गावातले एक बुजुर्ग वाटे पाडत होते. मामांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "बापजाद्यानं असा वाटा कधी देल्ला नाही."

"बापजाद्यानं चिमणी जाळली, काकाजी. तुमी काहून बिजली घेतली?" मामा म्हणाले.

"आज हिले देल्ला त उद्या साऱ्या पोरी नवरे सोडून येतीन!"

"पसाभर मासोळीसाठी बाई नवरा सोडत असन, त आधी नवराच पाहा लागन."

लोक खो खो हसले. बुजुर्ग चिडले. "तू तिचा भाऊ. तू त बोलशीनच!"

"मी भाऊ नसतो, त तिची चूल विझली असती का?"

इकडे उन्हात मासोळीला वास सुटायला लागला, माश्या घोंगावू लागल्या, तरी कोणी हटेना. तेवढ्यात एक म्हातारी ओरडली, "देऊन टाका बाप्पा! मागं एका बाईले मना केलं, त्या साली पाळ फुटली. हिचा तळतळाट लागन!" सगळे चपापले. बुजुर्गांचा हातसुद्धा टोपलीकडे गेला. माझा जीव भांड्यात पडला. आणि मामा म्हणाले, "थांबा."

अस्सा राग आला मला! "पाळ घुशीनं पोखरली होती," मामा सांगू लागले, "म्या सोता पाह्यलं. तळतळाटानं माती खचत नाही. या कारणानं देऊ नका." बुजुर्गांचा हात मागे आला. जिंकलेला डाव या माणसानं, सख्ख्या बहिणीचा डाव, स्वतःच्या हातानं उधळला! मामींनी कपाळावर हात मारला.

तेव्हा बायकांमध्ये बसलेली मावशी उठली. कधी मोठ्यानं न बोलणारी बाई, पण त्या दिवशी तिचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "काकाजी, पाळीवर माती टाकाले चुलीमागं एक माणूस बोलावला, तवा तुमीच मले बोलावलं. म्या आली, माती वाहिली. माती टाकाले माही चूल वेगळी होते, अन् वाट्याले काहून होत नाही?"

मामा डोळे मिटून उभे राहिले. बहिणीच्याही बोलण्यात ते खोट शोधत होते, हो! मग त्यांनी डोळे उघडले, ते भरून आले होते. "यात काही खोट नाही," ते म्हणाले. बुजुर्गांनी खाली वाकून एक पान मांडलं.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा मावशीपाशी बसले होते, तेव्हा मी तो जुना राग बोलून दाखवला. म्हटलं, म्हातारीचं ऐकून वाटा मिळतच होता, मामांना मध्ये पडायची काय गरज होती?

"मलेही लय राग आला होता," मावशी म्हणाली. "मंग समजलं. भेवानं देल्ला असता, त भेव गेल्यावर बंद झाला असता. हा वाटा मले दरसाल भेटला, माय. कोणी परत इचारलं नाही."

"हे मामांना सांगितलंस कधी?"

"नाही ना," ती म्हणाली. "राहूनच गेलं."