काटेवाल्याच्या कुंड्या

कोरी कुंडी हातात आली की भाऊ आधी ती कानाशी नेत आणि वाकड्या बोटाने तिच्यावर ठोका मारत. खणखणीत आवाज आला तर ठेवायची, बद्द आला तर कुंभाराला परत. "मुकी कुंडी नवरा-नवरीपुढे ठेवत नाई मी," असे म्हणायचे. बालाघाटच्या बाजारातले कुंभार त्यांना लांबून पाहूनच बरा माल पुढे सरकवत.

ते आमच्या स्टेशनवर काटेवाले होते, म्हणजे छोट्या गाडीचे रूळ बदलणारे. मी तिथेच बुकिंग बाबू. ते वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे. सगळे त्यांना भाऊ म्हणत. फलाटावरच्या कुंड्यांना गेरू आणि चुना लावायचे कामही त्यांच्याकडेच असे. पट्टा इतका सरळ की दोरी धरली होती का, असे लोक विचारत.

छप्पन साली भाऊ वस्तीतल्या लोकांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. मग वस्तीतली लग्ने नव्या रीतीने होऊ लागली. भटजी नाही, होम नाही. एक टेबल, त्यावर पांढरी चादर, बुद्धाची तसबीर, दोन मेणबत्त्या. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत समोर उभी राहून पंचशील म्हणत. अशाच सुरुवातीच्या एका लग्नात रस्त्यावरून जाणारा कोणी हसून म्हणाला, "शादी है के इम्तहान?"

भाऊंना ते फार लागले. कारण टेबल खरेच ओकेबोके दिसत होते. "रीत आपली खरी हाये, बाबूजी," ते मला म्हणाले. "पण पाह्यणाऱ्याची नजर तिथंच अडकली पाह्यजे."

पुढच्या लग्नात त्या टेबलावर दोन कुंड्या आल्या. तुम्ही त्या पाहिल्या असत्या तर तुमचीही नजर अडकली असती. खाली चुन्याचा पांढरा हात, त्यावर कपड्याच्या निळीच्या लाटा, काठाला फुटक्या बांगड्यांच्या काचा, आणि मधोमध बाभळीच्या डिंकाने धानाचा एकेक दाणा चिकटवून काढलेली पिंपळाची पाने. आत तोडलेली फुले नाहीत, मुळासकट जिवंत शेवंती. मी कारण विचारले तर म्हणाले, "तोडलेलं फूल संध्याकाळी मरते. संसाराच्या टेबलावर मरणारं काहून ठेवावं?"

लग्न झाले की कुंड्या नवरा-नवरीच्या घरी जात. एकीसारखी दुसरी कधी केली नाही. नवरीला आधी विचारायचे, तुले काय आवडते. लालबर्ऱ्याकडची एक मुलगी काही बोलेचना. तिची आई सांगे मोर काढा, मावशी सांगे कमळ. शेवटी पोरगी हळूच म्हणाली, "मले रेलगाडी पाह्यजे." तिच्या गावाला गाडी नव्हती. भाऊंनी कुंडीभोवती इंजिन आणि सात डबे काढले, आणि प्रत्येक खिडकीत धानाचा एकेक दाणा बसवला. ते म्हणाले, "पूर्ण पॅसेंजर भरून दिले तिले."

मग माझ्या बहिणीचे लग्न ठरले. नवरदेव बैहरला जंगल खात्यात. त्यांना जेवण टेबल-खुर्चीवर हवे होते. शाळेतून आठ टेबले आणली आणि मी भाऊंना आठ कुंड्या मागितल्या. अक्षता घेऊन त्यांच्या घरी रीतसर निमंत्रणही दिले.

लग्नाच्या दिवशी भाऊ आले ते धुतलेला कोट घालून, पत्नीला सोबत घेऊन. कुंड्या सकाळीच मांडून गेले होते. बैहरचे पाहुणे टेबलाभोवती फिरून फिरून त्या पाहत होते. तेवढ्यात रामपायलीचे माझे मोठे काका पुढे झाले आणि भाऊंना म्हणाले, "तुमचं पान मागच्या अंगणात मांडलं हाये."

भाऊंनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले आणि हातातल्या वाट्या नीट करू लागलो.

"बरं," भाऊ म्हणाले. "आमी निघतो."

काकांनी घाईने विचारले, "आणि कुंड्या?"

"नवरीबाईसाठी केल्या. राह्यतील."

दोघे आले तसे समोरच्या दारानेच, टेबलांच्या मधून, सावकाश निघून गेले. मागून एका पाहुण्याने मला विचारले, "कुंड्या कोणी केल्या हो?" मला नाव सांगता आले नाही. आजवर इतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी काट्यापाशी गेलो. भाऊ कापसाच्या बोळ्याने दांड्याला तेल लावत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमच्या काकाचं मी मनाला लावून घेतलं नाई. तो तसाच बोलन, मले माहीत होतं. तुमी खाली पाह्यलं, त्याचं लागलं."

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"हौ," ते म्हणाले, आणि दांडा पुसत राहिले.

दोन महिने कामापुरतेच बोलले. मग एका दुपारी त्यांनी माझ्या तिकीट-खिडकीत एक कोरी कुंडी आणून ठेवली. "आमच्या पोरीचं लग्न हाये. तिच्या टेबलासाठी एक तुमी करा."

"मला येत नाही, भाऊ."

"मले बी येत नव्हतं."

मी आठवडाभर खपलो. चुना एकसारखा बसेना, डिंक ओघळला, पानाचे धान सरकून पानाची पिशवी झाली. लग्नात पाहतो तर तसबिरीच्या एका बाजूला भाऊंची कुंडी, आणि दुसऱ्या बाजूला माझी. कोणी हसून विचारले की ही कोणाची, तर भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "आमच्या बाबूजीनं केली." मग मला हाताला धरून पंगतीत स्वतःशेजारी बसवले. मी कुठे जेवलो हे पुढे रामपायलीत काकांना मी स्वतःच सांगितले, त्यांच्या डोळ्यांत पाहून.

भाऊ निवृत्त झाले त्या दिवशी मोठ्या बाबूंनी, म्हणजे स्टेशनमास्तरांनी, फलाटावर त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. भाऊंनी तो लगेच काढला आणि सगळ्यांसमोर पत्नीच्या गळ्यात घातला. "चुना हिनं भिजवला, धान हिनं निवडलं," ते म्हणाले. "नाव माझं होत राह्यलं." ती बाई इतकी लाजली की तिने पदर तोंडावर ओढला. पण हार काढला नाही.

त्याच दुपारच्या गाडीने दोघे गोंदियाला मुलाकडे गेले. चार वर्षांनी मुलाचे कार्ड आले की भाऊ गेले. कार्ड हातात धरून बसलो तेव्हा मला आठवली ती निघालेली गाडी. खिडकीत त्यांची पत्नी हार घालून ताठ बसलेली, आणि भाऊ तिच्यासाठी बाहेरचे ऊन आपल्या टोपीने अडवत होते.