वसुधाने म्हटलेलं सावधान

वसुधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हार्लेमच्या घरी पालक निवडत होते. फोन ठेवला आणि उरलेला पालकही निवडला... दुसरं काय करायचं ते सुचेचना. त्याला पाच आठवडे झाले. रडू कमी येतं, थकवा मात्र जात नाही.

आम्ही दोघी नवऱ्यांच्या नोकरीमागे नेदरलँड्सला आलो आणि इथल्याच झालो. वसुधाला इंग्लंडच्या राजघराण्याचं भारी वेड. कुणाची टोपी, कुणाचा रुसवा, सगळं तोंडपाठ. "सासरचे लागतात का गं तुझ्या?" असं मी चिडवायचे. तिथलं एक लग्न तर तिनं अ‍ॅमस्टरडॅममधल्या बुइटनव्हेल्डर्टच्या आपल्या घरी साजरं केलं. आम्ही सहाजणी काठापदराच्या साड्यांत, मसालेभात, जिलबी आणि टीव्हीसमोर अक्षतांची वाटी. "मुलीकडची माणसं अगदीच मोजकी दिसताहेत, आपण मुलीकडून बसू," म्हणाली.

तिच्या एकुलत्या एका मुलीचं, इराचं लग्न मात्र इथल्या नगरपालिकेत सोमवारी सकाळी दहा मिनिटांत उरकलं. मुलगा डच. तांदूळ टाकायला मनाई. सह्या होताना वसुधा लेकीच्या कानाशी काहीतरी पुटपुटली, आणि त्या दिवसापासून इरानं आईशी बोलणं टाकलं. "माझं काय चुकलं? तू विचार ना तिला एकदा," वसुधा वर्षभर म्हणत राहिली. तेच तेच ऐकून मी कंटाळले होते. "होईल गं नीट," म्हणून वेळ मारून नेली. मग एका सकाळी ती उठलीच नाही.

गेल्या रविवारी इरा आईचे फोटो मागायला आली. माझ्या फोनमध्ये त्या राजेशाही लग्नाच्या दिवशीचा व्हिडिओ होता, तो लावला. टीव्हीवरची दोघं शपथ घेताहेत, आणि वसुधा खड्या आवाजात "शुभमंगल सावधान" म्हणत पडद्यावर अक्षता उधळतेय.

"व्हाय इज शी वॉर्निंग देम?" इरानं विचारलं.

"वॉर्निंग?"

"सावधान मीन्स बी केअरफुल, ना? शी सेड इट टू मी टू. सह्या करताना. आय थॉट शी हेटेड हिम..."

मी व्हिडिओ थांबवला. आपल्याकडे प्रत्येक लग्नात हेच म्हणतात, तिला सांगितलं. अक्षता टाकता येईनात, म्हणून तुझ्या आईनं निदान तेवढं तरी म्हटलं. आशीर्वाद होता गं तो.

इरानं व्हिडिओ पुन्हा लावला.

"नोबडी आस्क्ड मी, मावशी," मग म्हणाली. "आय वुड हॅव टोल्ड यू."