दर मंगळवारी, ठीक दहाला

भिंतीतल्या पितळी खुंट्या काढायला गेलो, त्या दिवशी लाहिरींनी माझी रीडिंगची वही मागितली. फ्लॅटचा सौदा मोडल्याचं त्यांना सकाळीच फोनवर कळलं होतं. मोडला होता माझ्यामुळे. तरी त्यांनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि चष्मा लावून वही उघडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. कलकत्त्यात एका कन्सल्टिंग फर्ममध्ये मी स्ट्रक्चरल इंजिनियर होतो. इमारत भक्कम आहे की नाही हे सांगणं आमचं काम. एका चहा कंपनीला डायरेक्टरसाठी घर हवं होतं आणि लाहिरींचा फ्लॅट विकाऊ होता. महायुद्धाच्या आधीची तीन मजली इमारत, मजल्यावर एकच बिऱ्हाड. इटालियन मार्बल, बर्मा टीकचे दरवाजे, आणि नदीवर असा व्हरांडा की जाणाऱ्या जहाजावरच्या खलाशाने हात केला तर आपणही करावा. असं घर मी फक्त सिनेमात पाहिलं होतं. एकच खोट होती. व्हरांडा जिथे मुख्य इमारतीला जोडला होता, तिथे वरपासून खालपर्यंत भेग गेली होती.

नुसत्या भेगेला आम्ही घाबरत नाही. ती वाढते आहे का, एवढंच बघतो. त्यासाठी भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक पितळी खुंटी बसवायची आणि ठरावीक दिवसांनी त्यांच्यातलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने, म्हणजे केसाएवढा फरक दाखवणाऱ्या मोजपट्टीने, मोजायचं. मी दर मंगळवारी सकाळी ठीक दहाला जात असे. तुमच्यावरून घड्याळ लावतो, असं दरवान एकदा म्हणाला होता. मला त्याचा अभिमान वाटायचा.

लाहिरी निवृत्त रिव्हर पायलट होते. समुद्रातून आलेली जहाजं हुगळीच्या वाळूच्या पट्ट्यांतून बंदरापर्यंत सुखरूप आणणारे ते पायलट. त्यांच्या पत्नीचे गुडघे संधिवाताने धरले होते आणि लिफ्ट बंद पडून दोन वर्षं झाली होती. तिचे पार्ट कुठेच मिळत नव्हते. ही दोन वर्षं बाई तिसऱ्या मजल्यावरच होत्या. खुर्चीत बसवून खाली नेलं तर पुन्हा तसंच वर आणावं लागणार, तो तमाशा त्यांना नको होता. उतरेन ती एकदाच, म्हणायच्या. बराकपूरला बहिणीशेजारी तळमजल्यावरचं घर बघून ठेवलं होतं, पण हा फ्लॅट विकला गेला तरच. आणि तेव्हा कंपन्या कलकत्ता सोडून चालल्या होत्या. असं गिऱ्हाईक दुसरं कुठून येणार?

हे सगळं मला माहीत होतं. पण रीडिंग ते रीडिंग. दुसऱ्या मंगळवारी अंतर पोस्टकार्डाच्या जाडीएवढं वाढलेलं दिसलं. तिसऱ्या मंगळवारी ते पुन्हा पहिल्याइतकं. भेग आपोआप मिटत नाही, असं कॉलेजात शिकलो होतो. माझाच हात हलला असेल म्हणून ते रीडिंग खोडून टाकलं. चौथ्या मंगळवारी अंतर पुन्हा वाढलेलं. झालं. ‘भेग वाढते आहे’ असं मी आमच्या चीफना, भादुरीसाहेबांना सांगितलं. त्यांनी चहा कंपनीच्या खेमकांना कळवलं आणि खेमकांनी माघार घेतली.

लाहिरींचं बोट खोडलेल्या ओळीवर थांबलं.

“हे का खोडलंत?”

“चुकलं होतं.”

ते उठले आणि कपाटातून भरती-ओहोटीचं छापील कोष्टक घेऊन आले. माझ्या तारखा त्यांनी एकेक करून त्यात दाखवल्या. पहिल्या मंगळवारी दहाला ओहोटी, दुसऱ्या मंगळवारी भरती, तिसऱ्याला ओहोटी, चौथ्याला भरती. भरती रोज पाऊण-एक तास उशिरा येते, म्हणून आठवड्याने त्याच वेळेला नदी बरोबर उलटी असते. भरतीचं पाणी काठावर चढलं की त्या वजनाने काठ किंचित दबतो, नदीकडचा व्हरांडाही तेवढाच झुकतो, आणि भेग उघडते. पाणी उतरलं की मिटते.

मी कऱ्हाडचा. आमच्याकडे नदी एकाच दिशेला वाहते.

“तुम्हाला ठाऊक होतं, तर आधी का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“विकणाऱ्याने आपल्याच भिंतीची बाजू काय घ्यायची? शिवाय तुम्ही इतक्या नेमाने यायचात, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.”

आतून बाईंचा आवाज आला, की त्या भेगेत दर वर्षी सिमेंट भरतात आणि दर वर्षी ते गळून पडतं. हेही मी कुणाला विचारलं नव्हतं.

भादुरीसाहेब भडकले. “विकणाऱ्याचं ऐकून रिपोर्ट फिरवायचा?”

“नाही सर. मोजून फिरवायचा.”

सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत मी दर तासाला मोजत राहिलो. आकडे बाईंनी लिहून घेतले. अंतर वाढत गेलं, थांबलं, मग हळूहळू उतरलं. शेवटी सकाळचाच आकडा पुन्हा आला, तेव्हा त्यांनी मला तो दोनदा वाचायला लावला.

भादुरीसाहेबांनी माझ्यासमोर खेमकांना फोन लावला. चूक आमची, म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. ते मी कधी विसरलो नाही. खेमका व्यवहारी माणूस, त्यांनी आणखी दोन महिने मोजायला लावलं. या वेळी कोष्टक बघून, ओहोटीशी ओहोटी आणि भरतीशी भरती ताडून मोजलं. भेग जागची हलली नव्हती. सांध्यात सिमेंट नको, दबेल-ताणेल असा डांबरी मसाला भरा, असं रिपोर्टात लिहिलं आणि सौदा झाला.

लाहिरी निघणार होते मंगळवारी सकाळी, नदीतूनच. जुन्या सहकाऱ्यांनी लाँच दिली होती. माझ्या बायकोने त्यांच्यासाठी बेसनाचे लाडू दिले. डबा घेऊन मी ठीक दहाला पोचलो. वर कुलूप होतं.

दरवान म्हणाला, “साहब तो चले गए. सवा नौ बजे ज्वार आ गया, रुकते कैसे?”

बरोबरच होतं, भरती कुणासाठी थांबत नाही. बराकपूर नदीच्या वरच्या अंगाला. भरती लाँचला तिकडेच ओढून नेणार. बाईंना चौघांनी खुर्चीतून घाटापर्यंत नेलं होतं. शेवटच्या पायरीवर त्यांनी खुर्ची ठेवायला लावली, चपला काढल्या आणि पाणी पावलांपर्यंत चढेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. मेमसाब हसत होत्या, असं दरवानाने दोनदा सांगितलं.

लाडू आम्ही दोघांनी त्याच पायरीवर बसून खाल्ले. नदीकाठची कामं पुढेही पुष्कळ आली. माझ्या वहीत वेळेच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असे, नदीचा. आणि एकही रीडिंग मी पुन्हा खोडलं नाही.