वाढत्या अंगाची गाडी

"खांद्याला काहीही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मार पोटात आहे. स्प्लीन फाटली आहे."

नगरच्या एका दवाखान्यात सोनोग्राफीच्या खोलीबाहेर आम्ही तिघं उभे होतो. मी, माझे पती संतोष आणि सासूबाई. आत टेबलावर आमची ईश्वरी, वय वर्षं सहा, पहिलीत जाणारी. डॉक्टर लहान मुलांच्या सर्जन होत्या. त्यांनी घाई न करता समजावलं. स्प्लीन म्हणजे प्लीहा. डाव्या बरगड्यांच्या आड असते, लहानशी, रक्तानं भरलेली. तिला चीर पडली की रक्त पोटातच झिरपत राहतं आणि बाहेरून काही दिसत नाही. सासूबाईंना प्लीहा कळेना, तेव्हा डॉक्टरांनी जुना शब्द वापरला, पानथरी. तो ऐकला आणि सासूबाई मटकन बाकावर बसल्या.

मी मात्र डॉक्टरांशी वाद घालायला लागले. पोरगी आदल्या दिवसापासून डावा खांदा धरून रडत होती. पोटाचं नाव तिनं एकदाही घेतलं नव्हतं. मग पोटात कसं काय?

"याला रिफर्ड पेन म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे दुखापत एका जागी आणि दुखणं दुसऱ्या जागी. पोटात साचलेलं रक्त छातीखालच्या पडद्याला लागतं आणि दुखतो खांदा. आडवं केलं की जास्तच. ती पडली कशावरून? सायकल?"

"एटीव्ही," संतोष म्हणाले, आणि खाली बघू लागले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चार जाड चाकं, मोटरसायकलसारखं हँडल, आणि अंगठ्यानं दाबायचा वेग, अशी ती गाडी असते. तिची लहान मुलांसाठीची छोटी रूपंही मिळतात. हल्ली गावाकडं शेत-अंगण असलेल्या घरांत वाढदिवसाला अशी गाडी घ्यायचं खूळ आलं आहे. मोबाईलवर व्हिडिओ दिसतात, पोरं हट्ट धरतात, आणि आपल्यालाही वाटतं, रस्त्यावर थोडीच जाणार आहे, शेतात तर फिरवायची. तुमच्या घरी असा विचार चालू असेल तर हे तुमच्यासाठीच लिहिते आहे.

आम्ही केडगावात राहतो. संतोष सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, मी घरी शिवणकाम करते, जास्त करून शाळेचे गणवेश. माझं सासर पारनेर तालुक्यात, राळेगणच्या अलीकडं. तिथं सासरे, म्हणजे आप्पा, आणि सासूबाई शेती आणि चार गाई बघतात. गाडी घ्यायची कल्पना आप्पांची. नातीला काहीतरी असं द्यायचं की सगळ्या वस्तीनं बघितलं पाहिजे.

पुणे रोडवरच्या एका दुकानात शेजारी शेजारी दोन गाड्या उभ्या होत्या. लहान गाडीवर ईश्वरी बसली तर पाय नीट टेकले, हात नीट पोचले. मोठीवर बसली तेव्हा तिला थोडं पुढं सरकावं लागलं. दुकानदारानं सांगितलं, मोठी जरा थोराड मुलांसाठी आहे. आप्पांनी लगेच हात हलवला.

"दोन वर्सांत ही पोरगी लांबट हुईल, मग त्या बारक्या गाडीवर काय गाय बसवायची का? वाढत्या अंगाचीच घ्या."

आणि मी मान डोलावली. मी डोलावणार नाही तर कोण? माझं सगळं आयुष्य वाढत्या अंगाच्या मापात गेलं आहे. जूनमध्ये आया येतात, फ्रॉक दोन बोटं लांब करा म्हणतात, बाही सैल ठेवा म्हणतात, आणि मी खालची दुमड चांगली रुंद सोडते. चप्पल एक नंबर मोठी, दप्तर पाठीपेक्षा मोठं, स्वेटर गुडघ्यापर्यंत. आपल्याकडं मुलांची वस्तू आजच्या मुलासाठी घेतच नाहीत, दोन वर्षांनंतरच्या मुलासाठी घेतात. सैल फ्रॉकमध्ये मूल वेंधळं दिसतं, एवढंच होतं. गाडीचं तसं नसतं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

वेग अंगठ्यानं दाबायचा असतो. ईश्वरीचा अंगठा तिथं पोचवायचा तर आख्खा पंजा आत सरकवावा लागे, आणि पंजा सरकला की ब्रेक बोटांत येत नसे. हे आम्हाला दिसत होतं. आम्ही त्याला सवय होईल असं म्हणायचो.

तो रविवार होता. गावी दुपारची जेवणं उरकली होती. ईश्वरी गाडीवरून शेतात चकरा मारत होती. मला वाटलं आप्पा तिच्याजवळ आहेत. आप्पांना वाटलं संतोष आहेत. संतोष गोठ्यामागं फोनवर बोलत होते आणि त्यांना वाटत होतं की सासूबाई तिथंच बसलेल्या आहेत. गाडी उताराला लागली, ईश्वरीला ब्रेक सापडला नाही, आणि गाडी बांधाला जाऊन थडकली. उलटलीसुद्धा नाही. जागच्या जागी थांबली. ईश्वरी पुढं गेली आणि हँडलचं टोक तिच्या डाव्या कुशीत रुतलं.

आम्ही पळत गेलो तेव्हा ती उभी होती. डोक्यावर हेल्मेट होतं. कुठं रक्त नाही, कुठं खरचटलेलं नाही. आम्ही सगळ्यांनी देवाचे आभार मानले. संध्याकाळी ती खांदा धरून कुरकुरायला लागली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "उसण भरलीय. हांडल धरून हिसका बसला आसंल. सिंधूला बोलवा, ती पायाळू हाय."

पायाळू म्हणजे जन्मताना पायाकडून आलेलं माणूस. अशा माणसानं पाठीला पाय लावला की उसण उतरते असं आमच्याकडं मानतात. सिंधूमावशी शेजारच्याच, प्रेमळ बाई. ईश्वरीला पालथं झोपवलं, मावशींनी तिच्या पाठीला पाय लावला, आणि ती किंचाळली. सगळे म्हणाले, उसण निघाली की असंच कळवळतं माणूस. मीही तेलानं खांदा चोळला. सकाळी पोरगी पांढरीफटक पडली होती. उठवलं तर घेरी येत होती. मग मात्र आम्ही थेट नगर गाठलं.

हे ऐकल्यावर डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "पाय दाबला की नुसता लावला?"

"नुसता लावला," सासूबाई म्हणाल्या. "देवाशपथ, नुसता टेकवला."

"बरं झालं," डॉक्टर म्हणाल्या आणि पुढच्या कामाला लागल्या. मला वाटत होतं त्यांनी सासूबाईंना खडसावावं. मी तर मनातल्या मनात ते केव्हापासून करत होते.

सीटी स्कॅन झालं. सीटी स्कॅन म्हणजे यंत्रातून काढलेले शरीराच्या आडव्या कापांचे फोटो. त्यावरून जखमेची पायरी ठरते. ईश्वरीची मधल्या पायरीची होती. डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं, "लहान मुलांची प्लीहा बऱ्याचदा आपली आपण भरून येते. म्हणून आधी ऑपरेशन न करता बघू. याला कन्झर्व्हेटिव्ह मॅनेजमेंट म्हणतात, म्हणजे झोपून राहायचं, सलाईन, आणि सतत लक्ष. पण रक्त थांबलं नाही तर पोट उघडावं लागेल. कदाचित प्लीहा काढावीही लागेल. ती काढली तर मूल जगतं, पण काही प्रकारच्या जंतूंशी लढायची त्याची ताकद कायमची कमी होते."

मी विचारलं, थांबलं की नाही हे कळणार कसं? त्या म्हणाल्या, हिमोग्लोबिनवरून. म्हणजे रक्तातला तांबडेपणा. थोड्या थोड्या वेळानं ते तपासायचं. आकडा स्थिर राहिला तर जखम धरली, घसरत गेला तर आत गळती चालू आहे.

तेव्हापासून आमचं जग त्या एका आकड्याएवढं झालं. आयसीयूबाहेर लोखंडी खुर्च्यांची रांग होती. आत एकालाच सोडत. मी आत असले की ईश्वरी हळू आवाजात विचारायची, "आई, आता उठू?" मी नाही म्हणायचे. पुन्हा थोड्या वेळानं, "आता?" तिला कुशीवरसुद्धा वळू द्यायचं नव्हतं.

पहिल्या दिवशी आकडा घसरला. पुन्हा घसरला. एक रक्ताची पिशवी लावली. आप्पा गावाहून एसटीनं आले, धोतर सावरत माझ्यासमोर उभे राहिले. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. आप्पांवर, सासूबाईंवर, फोनवर बोलत बसलेल्या नवऱ्यावर, दुकानदारावर. आळीपाळीनं सगळ्यांवर काढून झाला. स्वतःपाशी आले की मी उठून पाणी प्यायला जायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आल्या. "आताचं सॅम्पल गेलंय. हे जर उतरलेलं आलं तर मी थांबणार नाही, ऑपरेशनला घेईन. सही करून ठेवा." संतोषनी सही केली. सासूबाईंनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. त्या एकदम म्हणाल्या, "माझ्यामुळं रात वाया गेली. तवाच आणली आसती तर..."

ते त्या बोलल्या आणि माझ्या मनातला त्यांच्यावरचा राग विरघळला. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "आई, खांदा मीपण चोळला." आम्ही दोघींनी एकमेकींचा हात धरला. सासू-सुना झाल्यापासून आम्ही असा हात कधी धरला नव्हता.

आकडा उतरला नाही. होता तिथंच राहिला. संध्याकाळी पुन्हा तोच. तिसऱ्या दिवशी सकाळी किंचित वर. डॉक्टर म्हणाल्या, "जखम धरतेय." मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला दंडाला धरून सरळ केलं.

घरी सोडताना मी त्यांना विचारलं की हेल्मेट घातलेलं असून असं कसं झालं. "हेल्मेट हवंच," त्या म्हणाल्या, "पण पोटाला हेल्मेट नसतं. मुलाच्या बरगड्या मऊ असतात, पोटाचे स्नायू पातळ असतात. हँडल सरळ आतल्या अवयवाला भिडतं. पोटाला मार लागला आणि रक्त दिसत नाही, म्हणून घरी थांबू नका. खांदा दुखतोय, पोर पांढरं पडतंय, उलटी होतेय, तर लगेच दाखवा." हे वाक्य मी आता भेटेल त्या आईला सांगते. गणवेशाचं माप घेतानाही सांगते. बायका जरा चमकून बघतात.

पुढचे कितीतरी आठवडे शाळा बंद, पळणं बंद, उड्या बंद. धावणाऱ्या मुलाला बसवून ठेवणं ही शिक्षा तिला होती की मला, सांगता येत नाही. तिनं माझ्या चिंध्यांतून बाहुल्यांचं अख्खं लग्न-वऱ्हाड उभं केलं. शेवटी सोनोग्राफीत चीर भरून आलेली दिसली. काही महिन्यांनी डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिली, आणि ईश्वरीनं दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच विचारलं, "मग माझी गाडी?"

मोठी गाडी आप्पांनी केव्हाच त्याच दुकानात परत नेऊन दिली होती. दुकानदार लहान द्यायला तयार होता. मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "माझ्या मुलीला मी या वयात घेऊन देणार नाही. तुमचा निर्णय तुमचा. पण घेणारच असाल तर आजच्या मुलीच्या मापाची घ्या, आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर असल्याशिवाय चालू करू देऊ नका."

घरी आठवडाभर चर्चा झाली. संतोष नको म्हणत होते. आप्पांचा चेहरा बघवत नव्हता. पोरीच्या मनात भीती बसू नये असंही मला वाटत होतं. शेवटी म्हटलं, बघून तर येऊ.

या वेळी मी टेप घेऊन गेले. दुकानदार हसला, मी हसले नाही. लहान गाडीवर ईश्वरीला बसवलं. पावलं पाय ठेवायच्या पाटावर सपाट टेकली. गुडघे हँडलला लागत नव्हते. हँडल पूर्ण वळवलं तरी कोपर ताणला जात नव्हता. अंगठा वेगावर असताना बोटं ब्रेकवर येत होती, आणि तो ब्रेक तिला स्वतःच्या जोरानं दाबता येत होता. वेग बांधून ठेवायचा स्क्रू होता. ओढली की इंजिन बंद पडेल अशी एक दोरी होती, तिचं दुसरं टोक बरोबर चालणाऱ्यानं धरायचं. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर गाडी तिच्या अंगावर बेतलेली होती. मी आप्पांकडं बघून मान हलवणारच होते.

ईश्वरीनं ती दोरी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "ही कोण धरणार?"

आम्ही तिघं मोठी माणसं तिथं उभी होतो. संतोषना रविवारी अर्ध्या वेळा जादा पाळी असते. गणवेशाच्या दिवसांत मला मान वर करायला फुरसत नसते, गावाला जाणं तर लांबच. आप्पा म्हणाले, "मी हाय की," आणि लगेच स्वतःचा दुखरा गुडघा चोळू लागले. शेतात, ढेकळांतून, चालत्या गाडीच्या बरोबरीनं, दर वेळी, शेवटपर्यंत. असं दोरी धरून चालणारं एकही माणूस आमच्याकडं नव्हतं. पहिल्या वेळीही नव्हतं, फक्त तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

"आपल्याकडं आत्ता कुणी न्हाई, बाळा," आप्पाच शेवटी म्हणाले.

गाडी न घेता आम्ही निघालो. ईश्वरीनं पुणे रोडवर पाऊल टाकताच भोकाड पसरलं. केडगाव येईपर्यंत ती रडत होती, हातपाय आपटत, सगळी रिक्षा डोक्यावर घेऊन. संतोष तिला गप्प करायला लागले, मी त्यांना थांबवलं. आयसीयूत रडतानाही तिचं पोट दुखायचं, म्हणून ती आवाज न करता रडायची, नुसते डोळे वाहायचे. आता ती पोटातून जोर लावून रडत होती. मी तिला मांडीवर घेतलं आणि घर येईपर्यंत रडू दिलं.