भट्टी बंद असताना वाढलेला ओझोन

रास अल खैमाला एका सिमेंट कारखान्याजवळ हवा मोजणारी आमची एक केबिन होती. तिच्यातली यंत्रं तपासायला मी दर महिन्याला शारजाहून जात असे. एका उन्हाळ्यात कारखान्याची भट्टी दुरुस्तीसाठी दहा दिवस बंद होती, आणि नेमका तेव्हाच जमिनीलगतचा, श्वासाला घातक असलेला ओझोन मर्यादेच्या वर गेला. कारखान्याचे पर्यावरण अधिकारी हैदराबादचे, माझ्याहून बरेच मोठे. त्यांचा फोन आला. "मॅडम, मशीन खराब है. यल्ला, जल्दी, आज ही आइए."

मलाही तसंच वाटलं होतं. यंत्राला मी आधी ओझोन नसलेली हवा दिली, मग ठरावीक ओझोन असलेली. दोन्ही आकडे बरोबर आले. नळी बदलून पुन्हा पाहिलं. तेच.

"फिर आया कहां से? धुआं तो बंद है."

"समंदर पार से, सर," मी म्हटलं आणि समजावून सांगितलं. ओझोन धुराड्यातून थेट निघत नाही. गाड्यांचे, जहाजांचे, कारखान्यांचे वायू वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडतात आणि उन्हात वाटेतच त्यांचा ओझोन होतो. इथं युरोपातला येतो, भारतातलाही येतो.

ते हसले. "मतलब, घर का धुआं पीछे पीछे आ गया!"

मला हसू आलं नाही. माझ्या वडिलांची सगळी नोकरी कोकणातल्या एका रासायनिक कारखान्यात झाली. त्याच पगारावर मी शिकले.

अहवालात 'यंत्रात बिघाड' असं लिहावं, असा त्यांचा आग्रह होता. मी 'यंत्र ठीक' लिहून सही केली. त्या दिवशी नेहमीचा चहा आला नाही. परतताना आमच्या कंपनीचं कंत्राट जाईल की काय, याची धास्ती मात्र वाटत होती.

भट्टी सुरू झाली आणि ओझोन उतरला. त्यांचा लगेच फोन. "देखिए, हमारा धुआं तो हवा साफ करता है!"

ते अर्धं खरं होतं. ताजा धूर जवळचा ओझोन खातो, पण तोच पुढे गेल्यावर दुसऱ्या कुणाच्या तरी हवेत नवा तयार करतो. मी तसं सांगितलं.

 ते म्हणाले, "ये रिपोर्ट में मत लिखिए."

मी लिहिलं. पुढच्या महिन्यापासून कंपनी तिथं दुसऱ्याला पाठवू लागली आणि मला वाळवंटाच्या कडेची एक केबिन मिळाली. तिथं आसपास एकही धुराडं नव्हतं. ओझोन मात्र रास अल खैमापेक्षा जास्तच असायचा.