बिनविस्तवाचं पाणी

चौऱ्याहत्तर साली माझ्या खानावळीत विस्तवाशिवाय पाणी तापायला लागलं, आणि नीलम्माच्या तोंडचं पाणी पळालं.

नीलम्मा अक्कलकोटकडची. नवरा गेल्यावर सोलापुरात आली ती थेट माझ्या परसातल्या बंबापाशी. अठरा वर्षं तिनं तो पेटवला. भांडी घासायला पाणी किती कढत हवं, हे ती कोपर बुडवून सांगायची. धुरानं तिचे डोळे कायम लाल असत, आणि मला वाटायचं, बाई फार रागीट आहे.

त्या साली लाकूड मिळेना, रॉकेलला रांगा. खानावळीतलं थंड कपाट, म्हणजे फ्रिज, दुरुस्त करायला आलेला तिप्पण्णा मिस्त्री म्हणाला, "अण्णा, ह्या कपाटातली उष्णता मागनं फुकट जातीय." त्यानं कपाटामागच्या तांब्याच्या नळ्या पाण्याच्या पिंपात फिरवल्या. दुसऱ्या दिवशी आत दूध गार आणि पिंपात पाणी कढत! मी हात घातला आणि ओरडलोच. नीलम्मानं पिंपाखाली वाकून विस्तव शोधला. "हितं तर काईच न्हाय!" म्हणत ती मटकन खालीच बसली.

मला अक्कल केवढी! बंब नाही तर बंबवाली कशाला, असा हिशेब करून मी तिला सांगून टाकलं, "दसऱ्यापासून येऊ नकोस." पुढचे पंधरा दिवस ती सारखी एक हात पिंपात घालायची आणि दुसरा कपाटात. मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी हत्यारं धुऊन पुजायची आणि त्यांना विसावा द्यायचा. विळी, खलबत्ता, तराजू, सगळं मांडलं. थंड कपाटालाही विभूती लावली, झेंडूची माळ घातली, आणि मी भक्तिभावानं बटण बंद केलं. आत दसऱ्याच्या श्रीखंडाचा दोन पातेली चक्का होता, हे माझ्या गावीही नव्हतं.

दुपारी नीलम्मा परसातून ओरडत आली. "अण्णा, पिंपातलं पाणी गार पडलं! कपाट उघडा आदी!"

"पाण्याचा आणि कपाटाचा काय संबंध?" मी खेकसलो.

"कपाटातली उष्णता काढून हितं आणतंय की ते! पाणी गार, म्हंजी आतलं तापलं."

मी कपाट उघडलं. पातेल्याच्या कडा घामेजल्या होत्या, चक्क्याला पाणी सुटायला लागलं होतं. बोट लावून चाखलं. अजून गोडच होता, पण संध्याकाळपर्यंत नक्कीच टिकला नसता. दसऱ्याला दीडशे पानं जेवायची होती! मिस्त्रीनं दहादा समजावूनही माझ्या डोक्यात न शिरलेलं या बाईच्या कोपराला कळलं होतं.

तिनं माळ बाजूला केली आणि बटण दाबलं. "हत्यारं झोपवा की. चूल कुनी पूजेला इझवतंय व्हय?"

मी कसंबसं म्हटलं, "नीलम्मा, उद्या लवकर ये."

"उद्यापासनं येऊ नको म्हनलासा की."

मला मान वर करवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पिंपात कोपर बुडवलं, पाणी तापायची वाट पाहिली आणि मग म्हणाली, "येते. पन ह्या बटनाला तुमी हात लावायचा न्हाय."

आजतागायत मी लावलेला नाही.